चोवीस तासांचा सूट

उन्हाळा जवळ आला की आपल्या धर्मग्रामात लग्नांच्या घोषणा सुरू होतात. मिस्सा संपता संपता फादर नावे वाचतात आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कपड्यांची बोलणी चालतात. नवरीचा पांढरा झगा कुठून आणायचा, नवऱ्या मुलाचा सूट कुणाकडे टाकायचा. आपल्या लोकांत सूट ही पुष्कळदा आयुष्यात एकदाच शिवायची वस्तू असते. थोरल्याच्या लग्नातला कोट पुढे धाकट्याच्या अंगावर चढतो, मग चुलतभावाच्या, आणि शेवटी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर विसावतो. अशाच घरातले आम्ही. त्यामुळे परदेशात जाऊन सूट शिवून आणण्याचा प्रकार आमच्या हातून घडला याचे आम्हाला अजून नवल वाटते, आणि थोडी लाजही.

गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली आहे. आमच्या मेव्हण्यांचे सिमेंट आणि लोखंडाचे दुकान आहे. होटगी रस्त्यावरच्या सिमेंट कारखान्यांमुळे आपल्याकडे या धंद्याची माहिती लहान मुलालाही असते. ठरावीक माल खपवला की कंपनी दुकानदारांना सहलीला नेते आणि ती सहल बहुधा बँकॉकची असते. वहिनींचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांच्या जागी आमचे नाव लागले. बँकॉक म्हटल्यावर आपल्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर आम्ही आठवडाभर सोसली. त्यात निवृत्त शिक्षक! असो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेव्हणे आणि आम्ही हॉटेलजवळच्या मोठ्या रस्त्याने फिरत होतो. पाच-पन्नास पावलांवर एक टेलरिंगचे दुकान. काचेत सुटाबुटातले पुतळे आणि दारात एक हसतमुख माणूस. "आइए साहब, सूट बनवाइए, कल शाम को तैयार." हिंदी ऐकून पाय थांबले. बँकॉकमधली अशी कितीतरी दुकाने तिथे स्थायिक झालेल्या शीख आणि सिंधी कुटुंबांची आहेत. आम्ही सोलापूरकडचे म्हटल्यावर त्याने लगेच चादरीचे नाव काढले आणि आम्ही आत जाऊन बसलो. पुतण्याचे लग्न मे महिन्यात होते. एका सुटाचे आणि एका शर्टाचे त्याने सात हजार बाट सांगितले. आम्ही सोलापूरच्या बाजारात मुरलेले. उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. साडेचार हजारांवर सौदा तुटला, म्हणजे त्या वेळच्या भावाने दहा हजार रुपयांच्या आसपास. पाच मिनिटांत टेप छातीवरून, कमरेवरून, बाहीवरून फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रायल, रात्री नऊला माल हातात. "इतक्या लवकर कसे जमते?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "रात भर बैठके करेंगे साहब, आपके लिए." आम्ही खूश होऊन हसलो.

दुसऱ्या रात्री नऊला गेलो तर बाही लांब पडत होती. दुकानात गर्दी होती म्हणून त्याने एका पोऱ्याबरोबर आम्हालाच कारागिरांकडे पाठवले. मागची गल्ली, अरुंद जिना, तिसरा मजला. एक खोली, तीत पाच मशिनी आणि इस्त्रीची वाफ. एक म्हातारा टेबलावर कापड पसरून खडूने रेघा मारत होता. कोपऱ्यात तिशीतली एक बाई आमच्या कोटाच्या अस्तराशी बसली होती. गालांवर पिवळसर लेप होता, ब्रह्मदेशातल्या बायका झाडाच्या सालीचा लावतात तसला. पोऱ्या म्हणाला, "बर्मा." तिने कोट आमच्या अंगावर चढवला, बाहीचे तोंड दोन बोटांनी आत दुमडले, टाचण्या लावल्या आणि एक पाऊल मागे सरून पाहिले. डोळे लाल झाले होते. बोलायला भाषा नव्हती. आम्ही मान हलवली, तिनेही हलवली.

निघताना भिंतीजवळच्या दांडीकडे लक्ष गेले. आठ-नऊ कोट अर्धवट अवस्थेत टांगलेले. प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर हॉटेलचे नाव आणि खाली वेळ. आमच्या कोटाच्या चिठ्ठीवर ५.३० लिहिले होते. आमची बस पहाटे साडेपाचला सुटणार होती. म्हणजे त्या खोलीतली रात्र आमच्या बसच्या वेळेवर बेतलेली होती, आणि शेजारच्या आठ कोटांच्या बसगाड्या वेगळ्या. "रात भर बैठके करेंगे" म्हणणाऱ्याच्या त्या "करेंगे" मध्ये तो स्वतः नव्हता. तो तर साडेनऊला दुकान बंद करून घरी जाणार होता.

रात्री साडेबाराला पोऱ्याने सूट हॉटेलवर आणून दिला. आम्ही त्याला वीस बाट दिले. त्या बाईला द्यायला कुणी समोर नव्हते.

बसमध्ये आम्ही मेव्हण्यांजवळ विषय काढला. ते व्यवहारी गृहस्थ आहेत, आणि त्यांचे म्हणणे आम्ही इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते खोडून काढणे सोपे नाही. ते म्हणाले, "तुम्ही सूट शिवला नसता तर ती बाई काय रात्रभर सुखाने झोपली असती? तिला काम मिळाले नसते. आपला गाव सोडून ती आली ती कामासाठीच ना? तिने पाठवलेल्या पैशावर तिकडे चार तोंडे जेवत असतील. तुम्ही दया दाखवून ऑर्डर टाळली असती तर त्या चार तोंडांत तुमच्या दयेचे काय पडले असते?" पुढे त्यांनी गांधीजींनाही साक्षीला आणले. गांधीजींनी नाही का विलायतेत सूट शिवला? खरे आहे. १८८८ साली शिकायला गेलेल्या तरुण गांधींना मुंबईत शिवलेले कपडे तिथल्या समाजात शोभेनात, म्हणून त्यांनी लंडनच्या बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोडून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. आत्मचरित्रात त्यांनी ते स्वतःच सांगितले आहे. पण मेव्हण्यांच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट अशी की गांधींना तिथे तीन वर्षे राहायचे होते. त्यांना सूट उद्या सकाळी नको होता.

त्या क्षणी आम्हाला नेमके काय खुपते आहे ते कळले. किमतीचा प्रश्न आहेच, पण त्याआधी घाईचा आहे. पुतण्याचे लग्न चार महिन्यांवर होते. सुटाला घाई नव्हती, कापडाला नव्हती, नवऱ्या मुलालाही नव्हती. घाई होती ती फक्त आमच्या तिकिटाला. आणि आमच्या तिकिटाची घाई एका अनोळखी बाईच्या झोपेतून वसूल झाली.

या चोवीस तासांचा उगमही पाहण्यासारखा आहे. १९४९ नंतर चीनमधली राजवट बदलली तेव्हा शांघायचे नामांकित शिंपी मोठ्या संख्येने हाँगकाँगला आले. पुढे कोरियाच्या आणि व्हिएतनामच्या युद्धांत लढणारे अमेरिकन सैनिक पाच-सहा दिवसांच्या सुट्टीवर हाँगकाँगला, बँकॉकला येत. परत आघाडीवर जाण्याआधी त्यांना सूट हवा असे, घरी पाठवायला किंवा जिवंत परतलो तर घालायला. अशा गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांनी या म्हणता येत नाही. त्याच्यासाठी रात्रभर मशीन चालवण्यात निदान काही अर्थ होता. युद्धे संपली, सैनिक गेले, चोवीस तास मात्र राहिले आणि ते आमच्यासारख्या सहलीवाल्यांच्या वाट्याला आले. थायलंडच्या शिवणकामात आज म्यानमारहून आलेले कामगार भरपूर आहेत. सरहद्दीवरच्या मे सोत गावात तर त्यांच्या जिवावर कारखाने चालतात.

हाताने उत्तम सूट शिवायला किती वेळ लागतो? लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीत एका सुटामागे किमान ५० तासांचे हातकाम धरतात आणि गिऱ्हाइकाला अनेक आठवडे थांबावे लागते. मग चोवीस तासांत होते ते काय? काही काम वगळले जाते, काही डिंकाने उरकले जाते आणि उरलेले माणसाच्या रात्रीतून काढले जाते. दुसरा मार्ग नाही.

हा हिशेब नवा नाही. १८६३ च्या जूनमध्ये लंडनमध्ये मेरी अॅन वॉकली नावाची २० वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी मरण पावली. नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ होता आणि बड्या घरच्या स्त्रियांना त्या रात्रीसाठी झगे हवे होते. वॉकलीने इतर ६० मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास शिवण केले. शुक्रवारी ती आजारी पडली, रविवारी गेली. तिची हकिगत वर्तमानपत्रांत आली आणि कार्ल मार्क्सने ती आपल्या 'कॅपिटल' ग्रंथात नोंदवली. मार्क्सचे नाव या पानावर पाहून कुणी दचकू नये. त्या मुलीच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. मालक आणि कामगार यांनी राजीखुशीने मजुरी ठरवली म्हणजे ती न्याय्य झाली, असे त्यांनी मानले नाही. राजीखुशीपेक्षा जुना एक न्याय आहे आणि काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट त्या मजुरीत भरले पाहिजे, असे त्यांनी बजावले. भुकेल्या माणसाची संमती ही कितपत संमती, हा त्यामागचा सवाल आहे. मेव्हण्यांच्या "ती कामासाठीच आली ना" या म्हणण्याला आमचे जे काही उत्तर आहे ते इथे आहे. ती कामासाठी आली हे खरे, पण तिच्या अडचणीने तिच्या रात्रीचा भाव ठरवावा, हे त्यातून निघत नाही.

आणखी एक सोयीचा युक्तिवाद आम्ही स्वतःशीच करून पाहिला. मजुरी दुकानदार देतो, आम्ही नाही. आमचा व्यवहार त्याच्याशी, त्याचा तिच्याशी. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' मध्ये अप्रत्यक्ष मालक अशी एक कल्पना मांडली आहे. हातावर पैसे ठेवणारा तेवढाच मालक नव्हे, कामाच्या अटी ज्यांच्यामुळे ठरतात त्यांच्यावरही जबाबदारी येते. त्यांच्या नजरेसमोर मुख्यतः राज्यसंस्था होती. सहलीवरचा निवृत्त शिक्षक नक्कीच नव्हता. तरी आम्ही ज्या अडीच हजार बाटांसाठी दारापर्यंत जाऊन परत आलो, ते दुकानदाराने आपल्या नफ्यातून सोडले असतील असे आम्हाला वाटत नाही. आणि ५.३० ही वेळ तर सरळ सरळ आमचीच होती.

बायबलमध्ये शिवणकाम फारसे नाही, पण जे आहे ते लक्षात राहते. हन्ना आपल्या शमुवेलसाठी दरवर्षी एक लहानसा झगा शिवून मंदिरात घेऊन जाई (१ शमुवेल २:१९). मूल समोर नाही, टेप नाही. वर्षभरात ते किती वाढले असेल हे आईने मनाने ताडायचे. एका झग्याला एक वर्ष. आणि याफोची तबिथा वारली तेव्हा तिने शिवलेले कपडे दाखवत विधवा पेत्राभोवती रडत उभ्या होत्या (प्रेषितांची कृत्ये ९:३९). कपडा कुणी शिवला हे त्या गावात प्रत्येकीला माहीत होते. आमच्या कोटाच्या आतल्या खिशावर दुकानाचे नाव सोनेरी दोऱ्याने विणलेले आहे. शिवणारीचे नाव आम्हाला आजही माहीत नाही.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरे झाले असते, कारण बँकॉक दूर आहे आणि तिथल्या दुकानदाराला नावे ठेवणे सोपे आहे. पण आपले सोलापूर हेच कुणाच्या तरी दुकानाची मागची खोली आहे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग आणि विडी राहिली, आणि गेल्या काही दशकांत शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदा इथे एवढा वाढला की २०१७ मध्ये सोलापुरात खास गणवेशांचे प्रदर्शन भरले. देशभरातल्या मुलांच्या अंगावरचे शर्ट आपल्या पेठांतून जातात. काज-बटणाचे गठ्ठे घरोघरी येतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरीही असा गठ्ठा आज पडलेला असेल.

आम्ही नोकरीत असताना शाळेच्या गणवेशाचे काम काही वर्षे आमच्याकडे होते. किती मुले, कोणते माप, किती मीटर कापड हे सगळे मार्चमध्ये कळू शकत होते. पण यादी आम्ही करायचो निकाल लागल्यावर, ऑर्डर द्यायचो मे संपता संपता आणि शाळा उघडण्याच्या आत माल हवा म्हणून रोज फोन करायचो. तो काळ वर्गावर शिस्त ठेवण्यात गेला, याद्यांवर नाही. एका जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सातवीतली एक मुलगी बाकावर डोके टेकून झोपली होती. आम्ही तिला उभे केले, वर्गासमोर बोललो. तास संपल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, आईबरोबर बटणं लावत होते." कसली बटणे? तिने उत्तर न देता शेजारच्या मुलीच्या नव्या कोऱ्या शर्टाकडे पाहिले. आम्ही तिला खाली बस म्हणालो, एवढेच. पुढच्या वर्षीही ऑर्डर मेच्या अखेरीसच गेली. बँकॉकच्या त्या जिन्यावरून उतरताना ही मुलगी आमच्या डोळ्यांसमोर का उभी राहिली, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून आतले १,१०० हून अधिक लोक मेले. त्यातले बहुतेक कपडे शिवणारे होते. त्यांना महिन्याला ३८ युरो मजुरी मिळत होती असे वाचून तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी १ मे रोजी याला गुलामी म्हटले. आपण सर्वांनी तेव्हा हळहळ व्यक्त केली. भिंतींना तडे गेलेले दिसत असूनही त्या सकाळी लोकांना कामावर बसवले होते. कारण विचाराल तर तेच, ऑर्डर वेळेत पोहोचवायची होती.

म्हणून परदेशात कपडे शिवूच नयेत का? आम्ही तसे म्हणणार नाही. दुसऱ्या देशातल्या माणसाच्या हातचे काम आवडीने अंगावर घालणे यात वाईट काही नाही, आणि मेव्हण्यांच्या चार तोंडांचा प्रश्न खरा आहे. पण आज आम्हाला पुन्हा तशी वेळ आली तर आम्ही पोहोचल्या दिवशी माप देऊ आणि निघण्याच्या दिवशी घेऊ. तेवढे दिवस हातात नसतील तर कापड घेऊन घरी येऊ. मेव्हण्यांना हा भाबडेपणा वाटतो. ते पुढच्या वर्षीही गेले आणि दोन सूट घेऊन आले.

आमच्या सुटाची पुढची हकिगत राहिली. एप्रिलमध्ये एकदा तो धुलाईला दिला आणि परत आला तो छातीवर फुगे घेऊन. शिवाय पोटही थोडे सुटले होते. लाजत लाजत आम्ही तो स्टेशनजवळच्या आमच्या मास्तरांकडे नेला. आमच्या वडिलांचे कोट या मास्तरांच्या वडिलांनी शिवले. त्यांच्या जुन्या वहीत आमची तीस वर्षांची मापे आहेत. त्यांना सोडून आम्ही परदेशात सूट शिवला, हे गावात सर्वांना ठाऊक होते. ते काही बोलले नाहीत. हाताखालच्या पोराला कन्नडमध्ये दिवा जवळ आणायला सांगितला आणि ब्लेडने अस्तर उसवले.

"आतलं बकरम टाक्यांनी बसवलेलं नाही गुरुजी, इस्त्रीनं चिकटवलंय. म्हणून फुगलं." मग ते थोडा वेळ गप्प राहिले. बाजूची शिवण बोटाने उलगडली. आत दोन्हीकडे बोटभर कापड सोडलेले होते. "हे बघा. घाईच्या मालात हे कुणी सोडत नाही. कापणाऱ्याला ठाऊक होतं, माणूस पुढं जाड होणार." त्यांनी बाहीचे तोंड उलटे केले. तिथे अस्तर हाताने लावलेले होते, तांदळाच्या कणीएवढे टाके, सगळे एकसारखे. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते टाके अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"कुणी शिवलंय हे?"

आम्हाला सांगता आले नाही.

त्यांनी टेप काढली, नवी कंबर वहीत लिहिली आणि जुन्या आकड्यावर रेघ मारली.

"घाई नाही ना, गुरुजी?"

लग्नाला अजून तीन आठवडे होते. आम्ही नाही म्हणालो.